बॉलपार्क आकडा: मागावा कसा, द्यावा कसा

‘जस्ट अ बॉलपार्क, प्लीज.’

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. हे वाक्य पहिल्यांदा एका मेलमध्ये आलं तेव्हा मी सोबतच्या फाइलमध्ये बॉलपार्क शोधत बसले होते. पुस्तिका पंपाची होती, तिच्यात पानोपानी बॉल व्हॉल्व्ह आणि बॉल बेअरिंग होती, त्यामुळे हाही एखादा सुटा भाग असणार आणि त्याला मराठीत काय म्हणायचं हे विचारताहेत, अशी माझी समजूत झाली. दोन तास शोधून मी नम्रपणे कळवलं की असा भाग या पुस्तिकेत नाही. समोरून फोनच आला. त्यांना फक्त एवढंच हवं होतं: काम साधारण किती दिवसांचं आहे?

तेव्हापासून हा शब्द आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. हाताखाली नवी मुलं येतात, त्यांना तो शिकवावा लागतो, आणि शिकवताना लक्षात आलं की अर्थ सांगायला एक वाक्य पुरतं. गोंधळ पुढे, वापरताना होतो. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

शब्द आला कुठून

अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानाला बॉलपार्क म्हणतात. बेसबॉलमध्ये मधला चौकोन सगळीकडे सारखा असतो, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट. पण बाहेरची भिंत फलंदाजापासून किती लांब असावी हे मैदानागणिक बदलतं. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या कोपऱ्यातली भिंत ३१० फुटांवर आहे, तर शिकागोच्या रिग्ली फील्डमध्ये तोच कोपरा ३५५ फुटांवर. क्रिकेट बघणाऱ्याला हे चटकन समजेल: खेळपट्टी कुठेही जा, २२ यार्डांचीच; सीमारेषा मात्र कुठे जवळ, कुठे लांब.

बॉलपार्कचा लाक्षणिक अर्थ तिथूनच निघाला. चेंडू नेमका कुठे पडला ते माहीत नाही, पण मैदानाच्या आत आहे एवढं नक्की. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या तांत्रिक मंडळींच्या बोलण्यात हा शब्द रुळला. ऑगस्ट १९६० मध्ये डिस्कव्हरर १४ या उपग्रहाची कुपी अवकाशातून परत आली आणि हवाई बेटांजवळ एका विमानाने ती हवेतच झेलली. अपेक्षित जागेच्या मध्यापासून ती २०० मैल दूर उतरली, तरी ठरवलेल्या ‘बॉलपार्क’मध्येच होती, असं तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलं. दोनशे मैल! नवीन मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण या शब्दात किती ऐसपैस जागा आहे ते एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

वाक्यात कसा बसतो

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘बॉलपार्क फिगर’. ‘बॉलपार्क एस्टिमेट’ आणि ‘बॉलपार्क नंबर’ ही त्याचीच भावंडं. यांत बॉलपार्क विशेषणासारखा येतो. घाईत असलेली माणसं पुढचा शब्द गाळतात आणि नुसतंच ‘गिव्ह मी अ बॉलपार्क’ म्हणतात.

दुसरी रचना ‘इन द बॉलपार्क ऑफ’. ‘इन द बॉलपार्क ऑफ फॉर्टी पेजेस’ म्हणजे चाळीसेक पानं. इथे एक चूक सर्रास होते, ‘इन द बॉलपार्क ऑफ अराउंड फॉर्टी’. बॉलपार्कही आणि अराउंडही, म्हणजे ‘अंदाजे सुमारे चाळीसेक’ म्हटल्यासारखं. दोन्हींतलं एकच ठेवा.

तिसरी रचना तुलनेची. दोन आकडे एकाच पट्टीतले असले की ते ‘इन द सेम बॉलपार्क’. माझा अंदाज पाच आठवड्यांचा, तुमचा सहाचा, तर आपण एकाच बॉलपार्कमध्ये आहोत. माझा पाच आठवड्यांचा आणि तुमचा पाच महिन्यांचा असेल, तर ‘नॉट इव्हन इन द सेम बॉलपार्क’. वाटाघाटीत हे वाक्य फार उपयोगी पडतं, कारण त्यात समोरच्याला खोटं ठरवावं लागत नाही. आपण दोघं वेगवेगळ्या मैदानांवर उभे आहोत एवढंच म्हणायचं.

याचं क्रियापदही होतं: ‘कॅन यू बॉलपार्क इट फॉर मी?’ बोलताना चालतं. लेखी अहवालात मी तरी वापरत नाही.

आता खरा सापळा. ‘आउट ऑफ द बॉलपार्क’ आणि ‘नॉक इट आउट ऑफ द पार्क’ दिसायला जुळी आहेत, अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध. तुमचा अंदाज ‘वे आउट ऑफ द बॉलपार्क’ आहे असं कोणी म्हटलं तर तो साफ चुकला आहे. ‘यू नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क’ म्हटलं तर तुम्ही षटकार मारला आहे. आमच्याकडच्या एका मुलीने तिच्या अंदाजावर आलेली ‘आउट ऑफ द बॉलपार्क’ ही टीका शाबासकी समजून आभाराचा मेल पाठवला होता. तिला हसण्याचा मला अधिकार नव्हता; मी पंपात बॉलपार्क शोधलेली बाई.

‘बॉलगेम’चीही अशीच गल्लत होते. ‘अ होल न्यू बॉलगेम’ म्हणजे परिस्थितीच पालटली, डावच नवा. त्यात आकड्याचा काही संबंध नाही.

आणि बॉलपार्क लागतो तो मोजता येणाऱ्या गोष्टींनाच. दिवस, पानं, माणसं, अंतर, खर्च, वजन. ‘बॉलपार्क ओपिनियन’ असं काही नसतं.

जवळचे शब्द, आणि ते का वेगळे

शब्दकोश ‘समानार्थी’ म्हणून जे शब्द एका ओळीत बसवतो, त्यांच्यातला फरक कामाच्या वेळी जाणवतो.

‘रफ एस्टिमेट’ सगळ्यात निरुपद्रवी. कुठेही चालतो, मेलमध्ये, बैठकीत, अहवालात. खेळाची ओळख नसलेल्या वाचकासाठी लिहीत असाल तर बॉलपार्कऐवजी हाच घ्या.

‘गेसटिमेट’ हा गेस आणि एस्टिमेट यांचा जोडशब्द, १९३० च्या दशकातला अमेरिकन. तो वापरणारा कबूलच करतो की हातात फारसा आधार नाही. स्वतःच्या आकड्याला म्हटलं तर विनय, दुसऱ्याच्या आकड्याला म्हटलं तर टोमणा.

‘बॅक ऑफ द एन्व्हलप’मध्ये मात्र गणित असतं. पाकिटाच्या पाठीवर मावेल इतकंच, पण असतं. याचं माझं आवडतं उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचं. १६ जुलै १९४५ रोजी अणुबॉम्बची पहिली चाचणी झाली तेव्हा ते सुमारे १० मैलांवर उभे होते. स्फोटाची लाट पोचत असताना त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले. ते अडीच मीटर सरकले, आणि तेवढ्यावरून त्यांनी सांगितलं की स्फोट दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या तोडीचा असावा. नंतरच्या मोजणीत तो वीस हजार टनांच्या थोडा वरच निघाला. म्हणजे आकडा दुपटीने चुकला, तरी कोणी त्याला चूक म्हणत नाही, कारण हाताशी फक्त कपटे होते आणि उत्तर मैदानाच्या आत पडलं.

‘ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड’ शास्त्रज्ञांचा; दहापटीच्या पायऱ्यांनी बोलणारा. शेकड्यांत आहे की हजारांत, एवढंच तो सांगतो. प्रकल्प व्यवस्थापनवाल्यांनी याच्याआधी ‘रफ’ लावून त्याला जवळजवळ मोजमापच देऊन टाकलं. त्यांच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेत अशा अंदाजासाठी उणे २५ ते अधिक ७५ टक्के अशी पट्टी दिली आहे, आणि पक्क्या अंदाजासाठी उणे ५ ते अधिक १०. वरची बाजू खालच्यापेक्षा एवढी मोठी का, हे ज्याने कधी एखादं काम अंगावर घेतलं आहे त्याला सांगावं लागत नाही.

‘अप्रॉक्झिमेटली’ बराच घट्ट शब्द. ‘अप्रॉक्झिमेटली १२० पेजेस’ वाचल्यावर मी ११५ ते १२५ धरते. ‘बॉलपार्क १२०’ वाचल्यावर ९० ते २००.

‘गिव्ह ऑर टेक’ आकड्यानंतर येतो आणि चूक किती असेल तेही सांगून टाकतो: दोन आठवडे, एखादा दिवस इकडेतिकडे. ‘इन द रीजन ऑफ’ सुटाबुटातला, पत्रव्यवहारासाठी.

दोन शब्द इथे चुकून घुसतात. ‘रूल ऑफ थम्ब’ हा आकडा नसून आकडा काढण्याची रीत आहे, आपला ठोकताळा. आणि ‘राउंड फिगर’ म्हणजे नुसता गोल केलेला आकडा. मूळ आकडा अगदी काटेकोर असू शकतो. ‘कोटेशन’ तर सरळ उलट टोकाला, सही केल्यासारखं. बॉलपार्क मागितला असताना कोटेशन पाठवू नका, आणि बॉलपार्क देऊन तो कोटेशन म्हणून वाचला जाणार नाही या भरवशावरही राहू नका.

मराठीत हे आधीच आहे, आणि जरा बरं आहे

नवीन मुलं विचारतात, ताई, बॉलपार्कला मराठी शब्द कोणता? मी म्हणते, एक नाही, तुम्ही दिवसभर तेच तर बोलत असता.

सुमारे, अंदाजे, साधारण, अदमासे, ढोबळमानाने हे उघडे शब्द. सुमारे लिखाणात शोभतो, साधारण बोलण्यात. अदमासे आता थोडा जुना वाटतो, पण मला आवडतो. ‘बॉलपार्क फिगर’चं थेट भाषांतर करायची वेळ आली तर मी ‘ढोबळ आकडा’ लिहिते. ‘मैदानी आकडा’ वगैरे कारागिरी करू नये.

जवळपास आणि जवळजवळ यांतला फरक लक्षात ठेवा. जवळपास शंभर म्हणजे थोडे कमी किंवा थोडे जास्त. जवळजवळ शंभर म्हणजे शंभरला टेकलेच, पण पोचले नाहीत. जेमतेम शंभर म्हटलं की कमीच पडल्याची चुटपुट आली, आणि चांगले शंभर म्हटलं की भरपूर झाल्याचं समाधान. मोघम हा शब्द मात्र या रांगेत बसवू नका. मोघम बोलणारा माणूस अंदाज देत नसतो, अंग चोरत असतो.

पण मराठीची खरी गंमत सुट्या शब्दांत नाही. आपण अंदाज आकड्याच्या अंगातच मुरवतो. पन्नासेक, शंभरेक, पंधराएक. ‘एक’ मागून चिकटला की आकडा आपोआप सैल होतो. आणि तो कुठल्याही आकड्याला चिकटत नाही. वीसेक होतं, तेवीसेक कानाला खटकतं. अंदाजाचा आकडा गोलच हवा, हे व्याकरणानेच आपल्याला शिकवून ठेवलं आहे. आजच्या इंग्रजी बोलण्यातलं ‘फिफ्टी-इश’ त्याच्याच जातीचं.

मग जोड्या. दोन-चार, पाच-सात, आठ-दहा, दहा-बारा, दहा-वीस, पन्नास-साठ. आठ-दहा म्हणतो, नऊ-अकरा कोणी म्हणत नाही. दीड-दोन, अडीच-तीन, शंभर-सव्वाशे याही आहेत. प्रत्येक जोडी म्हणजे एक छोटंसं मैदान, दोन्ही कुंपणांसकट.

आणि क्रियापद. ‘काल किती माणसं होती?’ ‘असतील पन्नास-साठ.’ गोष्ट कालची, उत्तर भविष्यकाळात! काळ बदलून आपण सांगतो की हे मोजलेलं नाही, मनाने धरलेलं आहे. ‘लागेल महिनाभर’, ‘होईल तासाभरात’ यांतला ‘भर’ही तेच काम करतो. आणि समोरच्याने तो आकडा पुढच्या हिशेबात घ्यावा असं वाटलं तर आपण म्हणतो, ‘चाळीस धरून चाला.’

थट्टेसाठी ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ आहेच. दाहोदरसे म्हणजे एकशे दहा, जुन्या पाढ्यांच्या भाषेत. बावीस पंचे एकशे दहा होतात. तिथला बावीस काढून अंदाज बसवला की पाढा खड्या आवाजात म्हणता येतो आणि उत्तर कुठून आलं ते कोणी विचारायचं नाही. ज्या आकड्याला काहीच आधार नाही, त्यालाच हे म्हणावं. स्वतःच्या बॉलपार्कला कोणी असं म्हणालं तर आधार सांगायला तयार असावं.

माझे तीस दिवस

हे मी शिकले ते एका फसलेल्या कामातून. १८० पानांची पुस्तिका होती, आणि मी दिवसाला सरासरी सहा पानं करते. बॉलपार्क मागितला, मी लिहिलं, ‘बॉलपार्क, थर्टी डेज.’ शब्द अगदी बरोबर वापरला म्हणून मनात खूशही झाले.

काम सुरू झाल्यावर कळलं की साठेक पानांवर यंत्राच्या पडद्यांची (स्क्रीनची) चित्रं आहेत आणि त्यांच्यातला मजकूर हाताने उतरवून घ्यावा लागणार. चव्वेचाळीस दिवस लागले. एकतिसाव्या दिवशी मला विचारणा झाली की तुम्ही तर तीस म्हणाला होतात. मी जुने मेल काढून बघितले. माझ्या मेलमध्ये होतं ‘बॉलपार्क, थर्टी डेज’. ज्यांना पाठवला त्यांनी पुढे लिहिलं, ‘एस्टिमेट: थर्टी डेज’. त्यांच्याकडून ज्यांच्याकडे गेला, त्यांच्या वेळापत्रकात नुसतंच ‘३० डेज’. कोणीही खोटं बोललं नव्हतं. विशेषण दोन हात बदलेपर्यंत गळून पडलं होतं आणि आकडा तेवढा उरला होता, गोल, गुळगुळीत, वचन दिल्यासारखा.

मी त्यांना ‘पंचवीस-पंचेचाळीस दिवस’ असं लिहिलं असतं, तर तो किती का हात फिरेना, त्याचं अंदाजपण गळालं नसतं. मराठी बोलताना हे मी आपसूक करत होते. इंग्रजी लिहायला लागल्यावर सोडून दिलं.

आता मी देते तो असा

आधी कामाचे तुकडे करायचे, प्रत्येकाची एकक ठरवायची. पानं किती, चित्रं किती, तपासणीच्या फेऱ्या किती. प्रत्येक तुकड्याला एक कमीत कमी आणि एक जास्तीत जास्त. वेगळे मोजता येण्यासारखे तुकडे तीन-चारच असतात, दहा मिनिटांच्या वर वेळ लागला तर तुम्ही बॉलपार्क सोडून कोटेशन करायला लागला आहात.

बेरीज झाली की गोल करायची. २७ ते ४३ आलं तर पंचवीस-पंचेचाळीस सांगा. ‘बॉलपार्क ३४७’ असा आकडा मी एका बैठकीत ऐकला आहे. इतका बारीक आकडा ऐकल्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही की हा अंदाज आहे, आणि तो तर होताच.

मग पट्टी सांगायची, एक आकडा नाही. समोरच्याने हट्टच धरला की एकच सांगा, तर वरचा सांगा. मधला सांगायचा मोह होतो, तो आवरा.

त्यापाठोपाठ अर्ध्या वाक्यात आधार: ‘चित्रांत मजकूर नाही असं धरून’, किंवा ‘फाइल उघडून पाहिलेली नाही’. हे अर्धं वाक्य माझ्या तीस दिवसांना जोडलेलं असतं तर बरंच वाचलं असतं. आणि शेवटी पक्का आकडा कधी देणार ते: ‘फाइल मिळाल्यावर दोन दिवसांत.’ एवढं झालं की मेल तीन ओळींचा होतो. तीन ओळी पुरतात.

मागणाऱ्याच्या बाजूनेही थोडी रीत आहे. नुसतं ‘बॉलपार्क द्या’ म्हटलं की समोरचा सावध होतो. आकडा कशासाठी हवा ते सांगितलं की तो मोकळा होतो: ‘पुढच्या महिन्यात सुरू करायचं की नाही एवढंच ठरवायचं आहे, याला तुम्हाला धरणार नाही.’ असं म्हणालात तर मग खरंच धरू नका. आणि आकडा पुढे पाठवताना विशेषणासकट पाठवा, आधाराच्या अर्ध्या वाक्यासकट.

कधीकधी बॉलपार्क द्यायचाच नसतो. औषधाची मात्रा, करारातली मुदत, जिन्याला पेलायचं वजन. तिथे ‘मोजून सांगते’ हेच उत्तर. आणि खरंच काही ठाऊक नसेल तर ‘शेकड्यांत असेल, हजारांत नाही’ एवढं तरी सांगता येतं. त्यालाही किंमत असते.

‘ताई, बॉलपार्क म्हणजे नक्की किती टक्के चुकलेलं चालतं?’ असं परवा एकाने विचारलं. ‘बॉलपार्क’ आणि ‘नक्की’ एकाच श्वासात. मी त्याला माझी वही दाखवली. डावीकडे सांगितलेली पट्टी, उजवीकडे प्रत्यक्षात लागलेले दिवस. काम संपलं की उजवा रकाना भरायचा, बाकी काही नाही. दोन वर्षांच्या नोंदींत मी बहुतेकदा पट्टीच्या वरच्या टोकाजवळ सापडते, खालच्या टोकाला जवळजवळ कधीच नाही. त्याने पानं उलटली, पट्टीच्या बाहेर गेलेल्या नोंदी मोजल्या. ‘असतील सात-आठ,’ म्हणाला. मग प्रत्येकीपुढे लिहिलेलं कारण वाचत गेला आणि हसायला लागला. निम्म्यांहून जास्त ठिकाणी एकच शब्द होता: चित्रं.